पाच ठिपक्यांची बॅटरी

तोंडवलीच्या किनाऱ्यावर नौकाविहार संस्थेची तिकीट-खिडकी आहे. खिडकीच्या आत सुगंधा बसते आणि तिच्या मागच्या फळीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी या जानेवारीपर्यंत एक मेलेली बॅटरी उभी असायची. वॉकीटॉकीची, पोट फुगलेली, पाठीवर लाल नखपॉलिशचे पाच ठिपके. सुगंधा रोज सकाळी गणपतीला फूल वाहते. बॅटरीला वाहत नसे, पण तिच्यावरची धूळ मात्र आधी पुसायची.

संस्थेच्या बोटी बारा, वॉकी तेरा. तेरावा खिडकीतला, त्याला सगळे बेस म्हणतात. संध्याकाळी बोटी लागल्या की सुगंधा सगळे सेट गोळा करते, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने त्यांचं मीठ पुसते, बॅटरी काढून टोकं कोरडी करते आणि पूर्ण सुकल्यावरच चार्जरवर चढवते. बॅटऱ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिने प्रत्येकीवर ठिपके काढले. एक ठिपका बेसचा. पाच ठिपके भाईंचे.

भाई म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, दत्तप्रसाद सखाराम कुबल. त्यांची बोट एक नंबरची, पण सेट मात्र कमरेला बारमाही. मालवणच्या मच्छीबाजारात, बारशाला, तेराव्याला, सगळीकडे. सेट उचलायचा तर एरियलला धरून, कोंबडी मानेला धरतात तसा. रात्रभर चार्जरवर, दिवसभर गाडीच्या काचेखाली उन्हात. बॅटरीचं पोट सुटायला लागलं तेव्हा सुगंधाने सांगितलं होतं, "भाईनू, ही टाकून देवा. फुगलेली बॅटरी बरी न्हय."

"गो, पोट माजाव सुटलाहा. माका टाकतंस काय?"

सगळे हसले. सुगंधासुद्धा हसली. हे गेल्याच्या गेल्या डिसेंबरच्या आधीचं.

त्या डिसेंबरात एके दुपारी रोझारियोच्या सात नंबरचं इंजिन बंद पडलं. बोटीत आठ पर्यटक. रोझारियो बेसला हाका मारत राहिला, बाकीच्या बोटी त्याच्या सेटच्या टप्प्याबाहेर, आणि बेस गप्प. सकाळी सुगंधाने सेट तपासला तेव्हा पडद्यावर बॅटरीच्या चारही कांड्या भरलेल्या होत्या. फुगलेल्या बॅटरीची हीच खोड: भरलेली दिसते आणि दोन वाक्यांत आडवी होते. बोटी आज गप्प कशा, असं वाटून सुगंधाने खुंटीवरचा सेट काढला, तोवर पाऊण तास गेला होता. सेट मेलेला. पाठ उलटी करून पाहिली तर एका ठिपक्याच्या जागी पाच.

रोझारियोने वल्हं मारून बोट आणली. तळहातांची सालं गेली. एका पर्यटकाने सगळ्याचा व्हिडिओ टाकला आणि संस्थेची सभा भरली.

सभेत भाई बोलले. भाई बोलत असताना दुसऱ्याने बोलायची पद्धत आमच्याकडे नाही. ते म्हणाले, खिडकीतल्या बाईने बॅटरी चार्ज केली नाही, झोप काढली असेल. सुगंधा उठून म्हणाली, आदल्या संध्याकाळी भाई भरतीचं वेळापत्रक बघायला म्हणून आत आले होते, पुतण्याच्या लग्नात गाड्या लावून घ्यायला त्यांना सेट हवा होता, आणि एका ठिपक्याची बॅटरी आत्ता त्यांच्या कमरेला आहे.

"नखपॉलिशाचो पुरावो खंयच्या कोर्टात चलता?" भाई म्हणाले. पुन्हा सगळे हसले. या वेळी सुगंधा हसली नाही. तिला काढून टाकलं, आणि गावात तिचं नाव 'झोपलेली बेस' पडलं. मासे घ्यायला गेली तरी कोळणी विचारायच्या, "गो, जागी आसस मा?"

दोन महिन्यांत तिच्या जागी तिघे येऊन गेले. पहिल्याने सेट साबणाच्या पाण्यात बुडवून धुतले. दुसऱ्याने ते पत्र्यावर सुकट वाळवतात तसे वाळत घातले. तिसऱ्याने भिजका सेट तसाच चार्जरवर चढवला आणि खिडकीतून बांगडा करपल्याचा वास आला. तेरातले सहा सेट उरले तेव्हा भाईंनी सुगंधाला निरोप धाडला: झाला ता झाला, विसार आता आणि ये.

ती आली. यायचं तिने कबूल केलं होतं, विसरायचं नव्हे.

आल्याबरोबर भाईंनी तिच्यासमोर सात नवे सेट आणि एक नवी नोंदवही ठेवली. छापील, रकान्यांची, प्रत्येक पानाची खाली पिवळी प्रत. वर नियम, खाली अध्यक्षांची सही. नियम तीन असा: सर्व रकाने भरून वाचून दाखवल्याशिवाय संदेश पोहोचला असे धरू नये. पिवळी प्रत एक महिना फळ्यावर लावावी. सहावा रकाना भाईंनी स्वतः सुचवलेला: 'याआधी असा बिघाड झाला होता काय? कधी व कोणामुळे? पूर्ण नाव.' पुढच्या वेळी काही झालं की तिथे डिसेंबर आणि सुगंधाचं नाव लिहून फळ्यावर टांगायचं, असा तो बेत. सुगंधाने वही दोनदा वाचली. मग तिला खाकी कव्हर घातलं आणि म्हणाली, "बरी आसा वही."

मग तिने वर्षभर वाट पाहिली. या काळात तिने सगळ्या बोटवाल्यांना एवढं घोटून घेतलं की ते घरातही तसंच बोलायला लागले. बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. सेट तोंडापासून चार बोटं, एरियल उभी. एक बोलेल तेव्हा बाकीचे गप्प, कारण एकाने बटण धरलं की दुसऱ्याला वाट नसते. बोलून झालं की ओव्हर. भाई शिकायला आले नाहीत. अध्यक्षांना बोलायला शिकवणार कोण.

या जानेवारीत, एका सोमवारी, भाईंकडे मुंबईचे पाहुणे आले. त्यांना डॉल्फिन दाखवायला भाई स्वतः एक नंबर घेऊन गेले. मी रोजच्यासारखा खिडकीतल्या बाकावर पेपर वाचत होतो. अकराला दोन मिनिटं असताना बेस खरखरला.

"...लो बेस. ऐकतंस मा?"

सुगंधाने खुंटीवरून सेट काढला. रागावली की सुगंधा शुद्ध बोलते. "एक नंबर, बेस ऐकतेय. कुठे आहात, किती जण, कोणाला लागलंय का? ओव्हर."

"...ळाशीलच्या भायर, खडपांच्या वांगडा. पंख्याक जाळ्याची दोरी गुतली. आठ जणां, सगळी बरी आसत. नांगर टाकलंय. बोट धाड."

समुद्र तव्यासारखा शांत होता; खडपांशी, त्या खडकांच्या रांगेपाशी, तेवढी लाट डोलत होती. सुगंधाने खिडकीतून डोकं बाहेर काढून दोन बोटांनी शिट्टी घातली. चार नंबरचा सिद्धेश वाळूत बसून भजी खात होता. तिने हवेत दोर ओढल्याची खूण केली, खडपांकडे बोट दाखवलं. सिद्धेश भजी कागदासकट खिशात कोंबून धावला. तिने घड्याळ बघून वहीत लिहिलं: चार नंबर रवाना, अकरा वाजून चार मिनिटे.

मग ती बसली, पदर खोचला, पेन झटकलं आणि बटण दाबलं. एक श्वास थांबली.

"एक नंबर, रकाने भरायचे आहेत. तुमच्या सेटची बॅटरी किती? ओव्हर."

"...क कांडी. टूं टूं करता. बोट धाडलंस?"

"रकाना चार. बॅटरी कमी असण्याचं कारण? ओव्हर."

"गो, ता मगे लिव."

"नियम तीन, अध्यक्षांच्या सहीचा. रकाने भरल्याशिवाय संदेश पोहोचला असं धरता येत नाही. ओव्हर."

"काल लगनाक गेललंय. चार्जरार लावूक इसारलंय."

"लग्न. लिहिलं. रकाना पाच, जबाबदार व्यक्ती?"

"हय पाव्हणे ओकतत."

"ओकण्याचा रकाना नाही. ओव्हर."

मध्येच दुसरा आवाज आला. "सात नंबर बोलतंय. मिया ऐकतंय. माज्या बोटीतले पाव्हणेव ऐकतत. ओव्हर." तो रोझारियो. त्याच्या तळहातांवर अजून पांढरे वण आहेत.

"सात नंबर, वाट मोकळी ठेवा."

"ठेयलंय. कान उगडे आसत. ओव्हर."

"एक नंबर, रकाना सहा," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज तिकिटं फाडतानाचाच होता. "याआधी असा बिघाड झाला होता काय? कधी व कोणामुळे? ओव्हर."

मी पेपर खाली ठेवला. बेसमधून नुसती टूं टूं येत होती. बारापैकी नऊ बोटी त्या वेळी पाण्यावर होत्या आणि नवांपैकी एकही बोलत नव्हती. तिकिटाच्या रांगेतली माणसं खिडकीशी सरकली.

"सुगंधा," भाई म्हणाले, "आपण मगे बसान बोलया."

"सहावा रकाना रिकामा आहे. तुमची बॅटरी फार तर पाच मिनिटं टिकेल. ओव्हर."

आता, 'मी चुकलो' हे वाक्य भाईंना येत नाही. त्यांच्या वडलांनाही येत नव्हतं. आमच्या गावात चूक कबूल करायची तर एकच जागा, देवासमोरचं गाऱ्हाणं, आणि दर नारळीपुनवेला दर्याला ते गाऱ्हाणं घालायचा मान भाईंचाच. तेव्हा त्यांनी हाताशी होतं तेच काढलं.

"बा देवा म्हाराजा," बेसमधून खर्जातला आवाज आला, आणि गंमत म्हणजे या वेळी पहिला शब्द कापला गेला नाही. "गेल्याच्या गेल्या डिसेंबरात तुज्या एका लेकरान लगनाच्या गडबडीत बेसची बॅटरी काडून आपल्या सेटाक लायल्यान. आपली फुगलेली बेसाक ठेयल्यान. ह्या लेकराची काय चूक झाली आसात ती पोटात घाल रे म्हाराजा."

"लेकराचं पूर्ण नाव?" सुगंधा म्हणाली. "रकान्यात आहे. ओव्हर."

टूं. टूं.

"दत्तप्रसाद सखाराम कुबल."

"आणि खापर कोणावर फोडलं? ओव्हर."

"तसो रकानो नाय हा गो."

"शेऱ्याचा आहे. ओव्हर."

"सुगंधार. ती झोपाक नव्हती. मिया खोटा बोललंय."

"एक नंबर, शेवटचं वाक्य तुटलं. परत बोला. ओव्हर."

मी तिच्या शेजारीच होतो. वाक्य देवळातल्या घंटेसारखं स्वच्छ आलं होतं.

"मिया खोटा बोललंय," भाई पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. मग टूं लांबली आणि त्यांचा सेट मेला.

गाऱ्हाणं झाल्यावर जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. देवळात सगळे एकदम देतात. पण सुगंधाने शिकवलं होतं, एकाच वेळी दोघांनी बटण दाबायचं नाही. तेव्हा होकार नंबरवारीने आले.

"दोन नंबर, व्हय म्हाराजा. ओव्हर."

"तीन नंबर, व्हय म्हाराजा. ओव्हर."

"चार नंबर, व्हय म्हाराजा. पोचतंय. ओव्हर."

सहा नंबर ओव्हर म्हणायला विसरला. सुगंधाने त्याला परत म्हणायला लावलं. सात नंबर जरा थांबून बोलला. "सात नंबर," रोझारियो म्हणाला, आणि त्याने क्रूस केला असणार, कारण तेवढा वेळ नुसता वारा ऐकू आला. "व्हय म्हाराजा. दोन हातांनी. ओव्हर."

पाऊण तासाने सिद्धेशने एक नंबर ओढत आणली. पाहुणे वाळूत उतरून आडवे झाले. भाई ताठ चालत खिडकीशी आले, एरियलला धरलेला सेट हलवत.

"एरियल सोडा," सुगंधा म्हणाली.

त्यांनी सेट तळहातावर घेतला. तिने वही त्यांच्यापुढे फिरवली. "वाचून सही करा."

भाई वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीवर थांबले. चार नंबर रवाना, अकरा वाजून चार मिनिटे. बोट खाली सरकलं. सहावा रकाना, अकरा वाजून बारा मिनिटे. पुन्हा वर गेलं.

"म्हंजे बोट..."

"भाईनू, माका आदीच धाडल्यान," सिद्धेश मागून म्हणाला. खिशातली भजी काढून तो खात होता. "तुमी गाराणा घालीत होतास तेव्हा मिया खडपांच्या हय पावललंय."

"तू सांगूक नाय," भाई सुगंधाला म्हणाले.

"तुमच्या बॅटरीपायी रोझारियोकव पाऊण तास कोणी कायच सांगूक नाय," सुगंधा म्हणाली. आता ती मालवणीवर आली होती. "बोट कोणासाठीच थांबवूची नसता. तुमच्यासाठीसुद्दा. सही."

भाईंनी सही केली. सुगंधाने फळीवरून पाच ठिपक्यांची बॅटरी काढली, कोरड्या वाळूच्या डब्यात घातली आणि डबा त्यांच्या हातात दिला. "मालवणात जुन्या बॅटरी घेतत थय नेवन देवा. खिशात चावयेवांगडा, लोखंडाक लावन ठेवू नकात, आग लागात." मग पिवळी प्रत फाडून दिली. "आणि ही फळ्यार."

फळा खिडकीच्या बाहेरच आहे. रांगेतल्या माणसांनी त्यांना वाट करून दिली. भाईंनी दोन टाचण्या लावल्या. आतून आवाज आला, "चार लावा, वारो आसा."

त्यांनी चार लावल्या. पाहुण्यांतल्या एक वहिनी वाळूतून उठून वाचायला आल्या.

संध्याकाळी सुगंधा एक नंबरचा सेट पुसत होती. बटणाच्या खाचेतलं मीठ सुती फडक्याच्या टोकाने, नखाने नव्हे. मी विचारलं, "झाला समाधान?"

"एक महिनो व्हया," ती म्हणाली. "नियम तीन."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने मालवणला गेली आणि पिवळी प्रत प्लॅस्टिकात सीलबंद करून आणली. एका महिन्यासाठी एवढा खर्च कशाला, असं मी विचारलं नाही. आज मार्चचा शेवट आहे. कागद फळ्यावर आहे, आणि रोज सकाळी फूल वाहण्याआधी ती त्याच्यावरचं मीठ पुसते.