आधी हात दाखवा

मित्रांनो, एक आधीच सांगून ठेवतो. मला एकट्याने उचलायला जाऊ नका, कंबर धरेल. मी ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. जुना, काळा आणि तुमच्यातल्या उंच मुलांच्या खांद्याला लागेन एवढा. दवाखान्यात असतो तो मी नव्हे. तो माझा चुलतभाऊ, त्याची ऐट वेगळी. मी वेल्डिंगच्या कामाचा. माझ्यातला ऑक्सिजन दुसऱ्या गॅसला मिळाला की निळी ज्योत पेटते, आणि त्या ज्योतीने तुटलेले लोखंड पुन्हा एक होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाचा लालभडक तुकडा दाबून, ओढून माझे अंग घडवले. साऱ्या जगाचे तुटलेले सांधायला मदत करणाऱ्या माझ्या अंगाला मात्र कुठेही सांधा नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो. मग माझ्या खांद्यावर नंबर ठोकला आणि जन्माची तारीखही ठोकली. पुढे दर काही वर्षांनी तपासणी झाली की तिथेच नवी तारीख ठोकतात. माणसांना वय लपवता येते. माझे वय मानेखालीच लिहिलेले, लपवणार कुठे?

मला डोळे नाहीत, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. आसपास काय चालले आहे ते मला कळते, पण मी माणसे ओळखतो ती त्यांच्या हातांवरून. डोक्यावरची चावी कोण किती हळू फिरवतो, खाली ठेवताना कोण आपटतो, कोण टेकवतो, एवढ्यावरून मला माणूस कळतो.

पहिले हात मला लाभले ते गॅरेजवाल्या दादांचे. त्यांनी मला भाड्याने आणले नाही, रोख विकत घेतले आणि पावती एका डब्यात जपून ठेवली. जाड, खरखरीत हात होते त्यांचे, पण चावी अशी हळू उघडत की मला झोपेतून कुणी हाक मारून उठवावे तसे वाटे. पत्रे, नळ्या, बसचे दांडे, काय काय जोडले आम्ही दोघांनी. कुणी नवे गिऱ्हाईक आले की दादा माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, "हा आमचा सगळ्यात जुना कामगार. चहा मागत नाही, रजा मागत नाही आणि पगारवाढीचं नाव काढत नाही." मी फुगून जात असे. तसा मी आतून फुगलेलाच असतो म्हणा.

पण दिवस सारखे राहत नाहीत. दादांचे गुडघे बोलू लागले, काम कमी झाले आणि एक दिवस गॅरेजचे शटर अर्ध्यावर आले ते तिथेच राहिले. मी कोपऱ्यात उभा. कुणीतरी माझ्या मानेवर छत्री अडकवली. ती न्यायला कुणी आलेच नाही. तपासणीची तारीख उलटून गेली आणि तपासणी नसलेल्या सिलिंडरमध्ये कुणी गॅस भरत नाही. भंगारवाला येऊन माझ्या बुडाला लाथ मारून आवाज ऐकून गेला. खरे सांगतो मित्रांनो, लाथेचे काही वाटले नाही. त्याने भाव ऐकवला तेव्हा मात्र वाईट वाटले.

अशात एका दुपारी अर्ध्या शटरखालून वाकून एक बाई आत आली. गल्लीतली मुले तिला ठिणगीमावशी म्हणत. घरामागच्या शेडमध्ये ती सायकलींच्या तुटलेल्या चौकटी, खुर्च्यांचे पाय, पाण्याच्या नळ्या जोडून द्यायची. आधी ती लांबच्या कारखान्यात वेल्डर होती. निघायची तेव्हा तिची लेक झोपलेली आणि परतायची तेव्हाही झोपलेली. म्हणून तिने घरीच काम सुरू केले होते.

"दादा, तुमचा ऑक्सिजनचा सिलिंडर पडून आहे म्हणे?" तिने विचारले.

"तो काय, डोक्यावर छत्री घेऊन उभा आहे," दादा म्हणाले. "पण तू तर भाड्याचा वापरतेस ना?"

"तेच तर. ज्योत पेटते कधीमधी आणि भाडं मात्र रोज चालू. काम नसलं तरी तो नुसता उभा राहून खातो. उद्या मुदत संपते, मी त्याला परत करतेय. नवा घ्यायची माझी ऐपत नाही. गॅस भरणारे काका म्हणाले, जुना घे. पण विकणाऱ्याकडे पावती बघ. भाड्याच्या कंपनीचा शिक्का असलेला कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नको, तो मुळात त्याचा नसतोच. आणि तपासणीत पास झाला तरच पैसे दे."

"काका हुशार आहेत," दादा हसले. "पावती आहे. तपासून घे. नापास झाला तर आणून उभा कर, छत्री सांभाळायला."

"नापास झाला तर मला कारखान्यात परत जावं लागेल, दादा." हे ती हसून म्हणाली, पण तिचा हात तेव्हा माझ्या खांद्यावर होता आणि तो हसत नव्हता.

हातगाडीवर पट्ट्याने बांधून तिने मला घरी आणले. शेडमध्ये साखळीने भिंतीला अडकवले. डोक्यावरची लोखंडी टोपी काढली, चावीला हात लावून पाहिला आणि सोडून दिला. "घट्ट बसलीय. राहू दे, उद्या काकाच बघतील," असे पुटपुटत ती भाड्याचा सिलिंडर परत करायला गेली. माझ्या पोटात तेव्हाही थोडा जुना ऑक्सिजन शिल्लक होता. सिलिंडर अगदी कोरडा ठणठणीत करून ठेवत नाहीत, दादांनीही ठेवला नव्हता.

आता तिच्या सासूबाईंची ओळख करून देतो. त्या शिवणकाम करायच्या. घरात त्यांचा दरारा होता आणि त्यांच्या हातात सदैव एक लांब नाकाची तेलाची बाटली होती. शिलाई मशीन अडली, घाला तेल. दार कुरकुरले, घाला तेल. कात्री, कडी, सायकल, नातीच्या खेळण्यातली गाडी, कुणाची सुटका नव्हती. मी घरात आलो तेव्हा त्यांनी नाक मुरडले होते. "आता भंगारही विकत आणायला लागलीस का, सूनबाई?" असे म्हणाल्याही होत्या. पण सून कारखान्यात परत जाऊ नये असे घरात सर्वांत जास्त कुणाला वाटत असेल, तर ते त्यांनाच. ते कबूल करायला त्यांची जीभ मात्र वळत नव्हती.

सून गेल्यावर त्या शेडमध्ये आल्या. जुन्या कपड्याने त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पुसले. वर्षानुवर्षांची धूळ गेली. बारीक, सुईने टोचलेले, मऊ हात होते. इतक्या मायेने मला कुणी पुसले नव्हते. "उद्या पास हो बाबा," त्या माझ्याशी अगदी हळू बोलल्या. "ती घरात असली की घर घरासारखं वाटतं."

आणि मग त्यांनी बाटली काढली.

मित्रांनो, मला वाचा असती तर त्या वेळी मी सारी गल्ली गोळा केली असती. दाबून भरलेला ऑक्सिजन आणि तेल यांचे कधीही जमत नाही. दोघांची गाठ पडली की काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही, भडका उडतो. पण त्यांना हे कुठून ठाऊक असणार? सुनेचे पुटपुटणे त्यांनी ऐकले होते आणि घट्ट बसलेल्या वस्तूला तेल, एवढेच त्यांना माहीत. चावीच्या भोवती, गॅस बाहेर येतो त्या तोंडाशी, त्यांनी चांगले सढळ हाताने तेल सोडले, टोपी बसवली आणि समाधानाने निघून गेल्या. मी रात्रभर एकच घोकत राहिलो, आता कुणी मला उघडू नये.

सुदैवाने सूनबाईने उघडले नाही. सकाळी तशीच मला गॅस भरण्याच्या ठिकाणी घेऊन गेली. तिथल्या काकांचे हात लागताच मला धीर आला. कोरडे, स्वच्छ, घाई नसलेले. त्यांनी टोपी काढली, माझ्या तोंडावरून पांढरे फडके फिरवले आणि ते थांबले. फडक्यावर पिवळा डाग होता. त्यांनी वास घेतला.

"तेल कुणी घातलं याला?"

"मी नाही, काका. शपथ. मला ठाऊक नाही का?" सूनबाईचा चेहरा उतरला. "दादा तर असं कधी करणार नाहीत."

"कुणी घातलं, कुठवर गेलं, केव्हापासून आहे, काही माहीत नसलेला सिलिंडर मी हातात घेत नाही, बाई. माझ्याकडे माणसं काम करतात."

त्यांनी मला अलगद बाजूच्या कोपऱ्यात नेऊन उभे केले. तिथे भोक पाडून कायमचे निकामी करायचे सिलिंडर उभे होते. सूनबाई रिकामी हातगाडी ढकलत घरी गेली. मी दादांची छत्री आठवत उभा राहिलो. तीसुद्धा बरी होती, असे वाटले.

दुपारी दारात ओळखीची पावले वाजली. पुढे सासूबाई, मागे सूनबाई. सासूबाईंच्या हातात ती बाटली.

"तेल मी घातलं," त्या काकांना म्हणाल्या. "हे बघा, यातलं. मशीनचं आहे, भेसळ नाही. काल संध्याकाळी घातलं. सुनेचा दोष नाही आणि याचाही नाही. काय शिक्षा करायची ती मला करा."

काकांनी एकच विचारले, "त्यानंतर कुणी चावी फिरवली का?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

काका स्टूल ओढून बसले. मग त्यांनी सासूबाईंना सगळे समजावून सांगितले. "म्हणजे हिनं काल उघडला असता तर," एवढेच त्या म्हणाल्या आणि सुनेचा दंड त्यांनी घट्ट धरून ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असे कधी धरले नसावे, कारण सूनबाई गोंधळून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आता बाटली आधी बाहेर ठेवून या," काका म्हणाले. "काय घातलंय, केव्हा घातलंय, हे कळलं ना? मग रस्ता आहे. हा चावीचा वॉल्व्ह काढून टाकू, अंग आतून-बाहेरून धुऊ, तपासू. पास झाला तर नवा वॉल्व्ह."

"वॉल्व्हच्या पैशांचं मी बघते," सासूबाई बाहेर जाता जाता म्हणाल्या.

मला धुतले. मग काकांनी हातोडीने हलकेच ठोकून माझा आवाज ऐकला. मी खणखणीत वाजलो. शेवटी पोटात काठोकाठ पाणी भरून असा दाब दिला की माझे अंग किंचित ताणले गेले. दाब काढल्यावर अंग पुन्हा होते तसे झाले पाहिजे, तीच परीक्षा असते. जे सिलिंडर ताणलेलेच राहतात, ते बाद. मी सगळा जोर लावून माझ्या मूळच्या मापात परत आलो.

"पास," काका म्हणाले.

माझ्या खांद्यावर नवी तारीख ठोकली गेली. प्रत्येक ठोका मला गोड लागला. सूनबाईने मोठा श्वास सोडला, सासूबाईंनी डोळे पुसले आणि काकांनी चहा मागवला. आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच संध्याकाळी दादांना पैसे पोचले. त्यांनी निरोप धाडला की छत्री हवी असेल तर तीही घेऊन जा.

आता मी शेडमध्ये साखळीने बांधलेला, ताठ उभा असतो. काम असेल तेव्हा ज्योत पेटते, नसेल तेव्हा मी नुसता उभा राहतो, पण फुकट. सूनबाई लेकीच्या शाळेच्या वेळेला घरी असते. मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणाकडे माझ्यासारखा सिलिंडर असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा, उभा बांधून ठेवा, टोपी घाला आणि चावीला तेल कधीही लावू नका. माया तर कराच. पण ज्याच्यावर करायची त्याला काय सोसते, हे आधी विचारून घ्या.

सासूबाई अजूनही रोज दुपारी शेडमध्ये डोकावतात. बाटली घरातच, मशीनजवळ ठेवून, साबणाने हात धुऊन येतात आणि उंबऱ्याशी थांबतात.

"आधी हात दाखवा," सूनबाई मान वर न करता म्हणते.

सासूबाई दोन्ही हात पुढे करतात, उलटे-सुलटे करून दाखवतात. मग त्या आत येतात आणि त्यांचा कोरडा हात थोडा वेळ माझ्या खांद्यावर असतो.