ती ओरडली होती

“मी ओरडले नाही,” बारकी म्हणाली. “लिहा तसं. फळी मी धरली. चूक माझी.”

दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी बसलेल्या कारखाना-तपासनीस बाईंनी ते लिहून घेतलं आणि मान वर न करताच विचारलं, “मशीनवर भाऊच होते ना तुमचे? यांचं म्हणणं बरोबर आहे का हो?”

प्रश्न आपल्याला आहे हे मिस्त्रीला कळलंच नाही. बारकीनं त्याच्याकडे डोळे वटारले, लहानपणी वटारायची तसे, तेव्हा तो घाईघाईनं म्हणाला, “हो.”

बारकीचा उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता. तर्जनी आणि मधलं बोट गेलं होतं. अंगठा राहिला होता, पण तो वळेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते.

मिस्त्रीनं फर्निचरच्या कारखान्यात एकतीस वर्षं टेबलावरची करवत चालवली होती आणि त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. नवा माणूस कामावर आला की मालक त्याला आधी मिस्त्रीकडे पाठवायचे. मिस्त्री त्याला हातमोजे काढायला लावायचा, बाह्या वर करायला लावायचा. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. पातं लाकडाच्या वर नखभरच ठेवायचं. शेवटची वीतभर फळी हातानं नाही, काठीनं ढकलायची. पलीकडच्या माणसानं फळी फक्त तळव्यांवर तोलायची, मुठीत धरायची नाही. “आणि कान उघडे ठेव,” तो शेवटी सांगायचा. “लाकूड पात्याला आवळायला लागलं की आवाज जाड होतो. मशीन आधी सांगतं.”

हा आवाज ऐकू यावा म्हणून त्यानं कानांवर लावायचे मफ कधी लावलेच नाहीत. ते तसेच कोरे करकरीत कपाटात पडून होते. करवतीनं त्याची बोटं सोडली आणि कान खाल्ले.

गेली दोन वर्षं तो ते लपवत होता. घरी बायको वैतागायची, “अहो, शेजारचे त्यांचा टीव्ही लावतच नाहीत, आपलाच ऐकतात!” तो म्हणायचा, कानात मळ झालाय. कारखान्यात तो डावा तळवा टेबलावर टेकवून मोटारीची थरथर ओळखायचा. मशीन बंद केलं की मनात चाळीस आकडे मोजून मगच पात्याजवळ हात न्यायचा. आणि कोणी काही बोललं की मान हलवायचा. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

पलीकडच्या बाजूला फळ्या झेलायला बारकी होती. नवरा गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, मिस्त्रीनंच मालकांकडे शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं. “माझ्यासमोर राहील,” तो म्हणाला होता.

त्या दिवशी पात्यामागची पोलादी पट्टी जागेवर नव्हती. चिरलेली फट मिटू नये म्हणून ती असते. आठवड्यापूर्वी ती वाकली, मिस्त्रीनं काढून ठेवली आणि मालकांना सांगितलं. दोन दिवस त्यानं मशीन लावलंच नाही. मग मालक “नवी येतेय, येतेय” म्हणता म्हणता त्यानं पातळ फळ्या चिरल्या आणि त्या दिवशी जाड.

लाकूड आतून ओलसर होतं. फळी निम्मी चिरली गेली आणि फट पात्यामागे मिटायला लागली. मशीन किंचाळलं असणार. बारकीनं घाबरून फळीच्या दोन्ही कडा मुठीत धरल्या आणि फट ताणून उघडायला गेली. ती ओरडली, “दादा, थांब!”

मिस्त्रीनं तिचं तोंड उघडलेलं पाहिलं. जेवायची वेळ झाली असं काहीतरी म्हणत असेल. त्यानं मान हलवली आणि फळी पुढे ढकलली.

फळी मागे उसळली, त्याच्या कमरेजवळून गेली आणि तिनं मागच्या भिंतीचा गिलावा फोडला. तो रेषेत उभा नव्हता. त्याला खरचटलंही नाही. बारकीचा हात मात्र फळीबरोबर पात्यावर आला होता.

तपासनीस बाई गेल्यावर बारकीनं त्याला खाटेच्या पायथ्याशी उभं केलं, म्हणजे तिचे ओठ समोर येतील असं.

“आता तोंड उघडू नकोस. तुझं कळलं तर तुलाही काढतील. दोघांनी घरी बसून काय भिंती मोजायच्या?”

“तुला ठाऊक होतं?”

“सहा वर्षं समोर उभी आहे, दादा. खांबालासुद्धा कळलं असतं.”

मग ओरडलीस कशाला, हे त्यानं विचारलं नाही.

अठरा दिवस तो गप्प राहिला. समोर आता दुसराच माणूस उभा असायचा. त्यानं नुसती जांभई दिली तरी मिस्त्री मशीन बंद करायचा. एकोणिसाव्या दिवशी कळलं की बारकीला परत घेणार नाहीत. तो थेट मालकांच्या खोलीत गेला.

“ती ओरडली होती. मला ऐकू आलं नाही. मला ऐकूच येत नाही.”

मालकांनी पेन खाली ठेवलं. “हे काय मला ठाऊक नाही, मिस्त्री?” ते सावकाश, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून बोलले, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ते कित्येक महिने त्याच्याशी असंच बोलत आले होते. “तुमच्याइतकं काम दुसऱ्या कोणाकडून झालं असतं? आता तुमच्या बहिणीनं स्वतः लिहून दिलंय, कागद बंद झालाय. कशाला उकरून काढता?”

मिस्त्री दुपारी तपासनीस बाईंच्या कचेरीत गेला. पट्टीचं सांगितलं, कानांचं सांगितलं, मान हलवल्याचं सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे बहिणीचा जबाब खोटा. आता सगळं पहिल्यापासून आलं.”

महिन्याभरात मशीनला नवी पट्टी बसली. मिस्त्रीला घरी पाठवलं. बारकीचं भरपाईचं प्रकरण खोट्या जबाबामुळे मागे पडलं. कधी पुढे येईल ते कोणी सांगेना.

“केलंस ना शेवटी स्वतःचंच खरं?” ती म्हणाली. “बोटं गेली ती गेली. त्यांच्या बदल्यात तुझं काम ठेवलं होतं मी. तेही घालवलंस.”

“तू ओरडली होतीस, बारके.”

“हो, ओरडले होते! मग? त्यानं बोटं उगवणार आहेत का?”

त्यानंतर ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो रोज सकाळी तिच्याकडे जायचा, पाणी भरून ठेवायचा, भाजी चिरून ठेवायचा आणि परत यायचा. अंगठा वळला नाही. नवव्या दिवशी ती डाव्या हातानं केस विंचरत बसली होती. गुंता सुटेना, तेव्हा काही न बोलता तिनं फणी मागे धरली.

मिस्त्री तिच्यामागे बसला. वेणी त्यानं जन्मात कधी घातली नव्हती. त्यानं केसांचे तीन सारखे भाग केले, मापून करावेत तसे, आणि एकावर एक घ्यायला लागला. पहिल्यांदा वेणी वाकडी आली. त्यानं सोडली आणि पुन्हा घातली.

तिचे खांदे हलत होते. ती काहीतरी बोलत असावी, किंवा रडत असावी. तिचं तोंड भिंतीकडे होतं. वेणी हातात असताना उठून समोर जाता येत नव्हतं, म्हणून तो खालपर्यंत विणत राहिला.