पुण्याची काळी नंबरप्लेट

लक्ष्मीकांत माणसं तोंडावरून ओळखत नसत. ते काम सामान्यांचं. ते माणूस ओळखत गाडीच्या नंबरप्लेटवरून, आणि तेही ग्वाल्हेरच्या ‘शिंदे की छावनी’ मोहल्ल्यातल्या आपल्या पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत, चहा पीत बसल्या बसल्या. एमपी शून्य सात म्हणजे ग्वाल्हेर, म्हणजे आपला. त्याला निदान वळण असणार. शून्य सहा, मुरैना. हा हॉर्नवरच बसून आला. शून्य नऊ, इंदूर, पैशाची घमेंड. शून्य दोन, सरकारी. साहेबांची बायको भाजीला निघाली. आणि तीस दिसला की ते कप खाली ठेवत. "भिंड!" म्हणत. "बंदूकवाला आला."

ही विद्या त्यांनी एकुलत्या एका मुलीला, अवंतिकाला, स्कूटरवर पुढे उभी करून शिकवली होती. पाहुणे आले की इतर घरांतल्या मुली गाणं म्हणत. अवंतिकाला ते बाल्कनीत नेऊन खालच्या गाड्या म्हणायला लावत. पांढरी प्लेट घरची, पिवळी टॅक्सीची, काळ्यावर पिवळी अक्षरं असतील तर स्वतः चालवायला किरायाने घेतलेली. पाहुणे टाळ्या वाजवत आणि लक्ष्मीकांतांची छाती फुगे. आता ती तीस वर्षांची, इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती, तरी हा खेळ संपलेला नव्हता.

गेल्या दिवाळीत शेजारच्या माधवरावांच्या दारात काळ्या प्लेटची मोटार लागली. "जावयाने नवी घेतली," असं बिचारे सहज बोलून गेले. लक्ष्मीकांतांनी बाल्कनीतूनच ओरडून विचारलं, "किरायाच्या घोडीवर एवढी ऐट, माधवराव?" सगळी गल्ली हसली. माधवराव त्यानंतर त्यांच्या दारावरून जाईनासे झाले. लक्ष्मीकांतांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

अवंतिकाला लग्न करायचं होतं युवराजशी. मुलगा इथलाच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, मराठी. पूर्वज शिंद्यांच्या फौजेतले, स्वतः जनावरांचा डॉक्टर. पण नोकरी भिंडला, गाडी तिथेच घेतलेली, म्हणून नंबर तीस. एकदा तो तिला सोडायला आला. लक्ष्मीकांतांनी वरून प्लेट वाचली आणि निकाल देऊन टाकला.

"बाबा, तुम्ही त्याला एकदा मिळून तर घ्या," अवंतिका म्हणाली.

"आधी डिकीत काय ठेवतो ते विचार."

डिकीत म्हशींच्या लसींचा डबा होता. तिने ते सांगितलंही. पण ज्याला चार अक्षरांत सगळं कळतं, त्याला पाचवी गोष्ट कोण सांगणार?

मग एका रविवारी पुण्याहून स्थळ आलं. लक्ष्मीकांतांच्या घराण्याला दख्खन सोडून कित्येक पिढ्या झाल्या होत्या, पण पुणं म्हटलं की या साऱ्या जगाला नाक मुरडणाऱ्या माणसाचा आवाज पूजेला बसल्यासारखा होई. गाडी खाली लागली तशी ते बाल्कनीत धावले.

"एमएच बारा! शामला, बघ, एमएच बारा!"

"काळी का हो आहे?" बायकोने विचारलं.

"पुण्यात तशी फॅशन असेल," लक्ष्मीकांत म्हणाले. अवंतिकाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ते पायघड्या घालायला जिन्याकडे निघालेसुद्धा.

मुलगा अंबरीश सोफ्यावर बसून मोबाईल बघत राहिला. त्याची आई, शालिनीताई, घर बघत राहिल्या. शामलाने गजक पुढे केली. "चिक्कीच ना ही? जरा वेगळी दिसते," म्हणत त्यांनी तुकडा तसाच ठेवून दिला. अवंतिका म्हणाली, "थांबा, मी पाणी घेऊन आली." त्यावर त्या हसल्या. "आली नाही गं, आले. तुमच्याकडचं मराठी फारच हिंदी झालंय. येईल हं सुधारता."

हेच दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लक्ष्मीकांतांनी त्याला जिन्यावरून खाली पोचवला असता. ते चक्क हसले. "हो ना, बिघडलंच आहे आमचं," म्हणाले. अपमान पाहुणीने केला होता, पण अवंतिकाला बोचलं ते बापाचं हसणं.

"गाडी छान आहे," लक्ष्मीकांत म्हणाले.

"अंबरीशने दसऱ्याला घेतली," शालिनीताई म्हणाल्या. "एवढ्या लांब चालवत आणली त्याने. आपल्या गाडीचं सुखच वेगळं."

लक्ष्मीकांत इतके हुरळले की जुनी सवय उसळून आली. "अवंतिका, ये. पाहुण्यांची गाडी म्हणून दाखव." सगळ्यांना त्यांनी उठवून बाल्कनीत नेलं.

अवंतिका कठड्याशी उभी राहिली. "एमएच बारा. महाराष्ट्र, पुणे."

"शाबास!"

"काळ्यावर पिवळी अक्षरं," ती म्हणाली. "किरायाची."

अंबरीशने मोबाईलमध्ये मान घातली. शालिनीताईंचा चेहरा पडला, पण आवाज नाही. "मग? इतक्या लांब स्वतःची गाडी कोण झिजवतं?" दसऱ्याची खरेदी त्या तेवढ्यात विसरल्या होत्या.

अवंतिका बापाकडे बघत राहिली. शेजारीच माधवरावांचं दार होतं. आता हे बोलतील, तिला वाटलं. एवढं तरी यांच्या विद्येला इमान असेल. गल्लीला हसवणारा तो आवाज एकदा तरी आपल्यासाठी निघेल.

लक्ष्मीकांतांनी घसा खाकरला. "अगं, चालतं," ते म्हणाले. "पुण्यात चालतं."

इतकी वर्षं तिला वाटत होतं, बाप कडवट आहे पण खरा आहे. तो साधा भित्रा होता. तिला त्याची लाज वाटली, आणि लाज वाटली तशी भीतीही गेली. तिने तिथेच, सगळ्यांच्या देखत, फोन लावला.

"युवराज, घरीच आहेस ना? आत्ता ये. आमच्या दारातच लाव गाडी," ती म्हणाली. "आणि अशी लाव की प्लेट बाल्कनीतून नीट दिसेल."