थोरलीने शिकवलेले हात

वॉर्डात त्या दोघींना कुणी नावाने हाक मारलीच नाही. एक थोरली, दुसरी धाकटी. दोघी सिस्टर, पण सख्ख्या बहिणींचाही हात इतका एकसारखा चालत नसेल. धाकटीला सगळं शिकवलं थोरलीनेच. थंड औषध अंगात आग करतं, म्हणून औषधाची कुपी आधी दोन्ही तळव्यांत धरून तिला ऊब द्यायची. सुई टोचताना डावा हात पेशंटच्या कपाळावर. आणि तोंडाने हळूच म्हणायचं, "झालंच हं, झालंच."

काल निकाल लागला. जास्तीचं औषध टोचून थोरलीने चार पेशंटचे जीव घेतले, हे कोर्टात सिद्ध झालं. जन्मठेप. का केलं, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण गेलेल्यांपैकी एकाच्या मुलीने साक्षीत ते तळवे, तो कपाळावरचा हात आणि ते "झालंच हं" सांगितलं, आणि आज ते पोराटोरांच्या तोंडी होतं.

माणसाचं मन मोठं अजब हो! ती पकडली जाईपर्यंत बीपी तपासून घ्यायला तिच्या दारात ताटकळणाऱ्या शेजारणी आज टीव्हीवर सांगत होत्या, "मला तर तिच्या डोळ्यांतच दिसलं होतं." तिच्या घराच्या काचा फुटल्या. म्हाताऱ्या आईला पोलिसांनी कुठेतरी हलवलं. इथे कँटीनवाल्याने धाकटीच्या हातात चहा देताना डोळा मिचकावला, "घ्या सिस्टर. झालंच हं!" सगळे खो खो हसले. एक बाई तेवढी हसली नाही. ती आपला कप उचलून धाकटीपासून लांबच्या टेबलावर जाऊन बसली.

धाकटीने चहा तसाच ठेवला. थोरलीने ते केलं, याबद्दल तिच्या मनात आता शंका उरली नव्हती. प्रश्न निराळाच होता. लेकीसारखं जवळ बसवून शिकवणारे ते हात कुणाचे होते मग? आणि आता हे आपल्या मनगटापुढे आहेत, ते कुणाचे?

वर वॉर्डात मास्तर कण्हत होते. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. कॅन्सर हाडांत पसरलेला. वेदना थांबवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती, आणि त्यांची सून खाटेला आडवी उभी होती.

"तुम्ही नको. दुसरं कुणीतरी पाठवा."

"संध्याकाळपर्यंत मीच आहे, ताई."

"तिच्याच हाताखालच्या ना तुम्ही?"

"हो."

इतकं सरळ उत्तर येईल असं सुनेला वाटलं नव्हतं. पण ती खाटेपुढून हलली नाही. बोलले ते मास्तर, दातओठ खात.

"अगं, मला मारायचंच असतं, तर या पोरीने एवढी वाट कशाला पाहिली असती? माझं दुखणं ते काम फुकटात करतंय. टोच गं तू."

"माझ्यासमोर भरा," सून म्हणाली.

धाकटीने कुपीवरचं नाव तिला वाचू दिलं. किती द्यायचं तेही डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदावर दाखवलं. आणि सवयीने तिचे दोन्ही तळवे कुपीभोवती मिटले. सुनेची नजर त्या तळव्यांवर गेली. बास! धाकटीने चटका बसल्यासारखी कुपी खाली ठेवली. औषध थंडच भरलं. कपाळाला हात लावला नाही. तोंड घट्ट मिटून तिने सुई टोचली.

"आई गं! जळलं की सगळं!" मास्तर कळवळले. "रोज नाही गं असं होत. रोज ते काहीतरी म्हणतेस ना, ते तरी म्हण."

धाकटीचे ओठ हलले. पण ते शब्द न उच्चारताच तिने सुई काढली आणि कापूस दाबून धरला.

हळूहळू औषध भिनलं. मास्तरांच्या कपाळावरची आठी सुटली, डोळे मिटले. तेव्हा कुठे धाकटीला दिसलं की आपला डावा हात त्यांच्या कपाळावर आहे. कधी गेला, देव जाणे. ती तो झटकन काढून घेणार, तोच मास्तर झोपेत पुटपुटले, "राहू दे."

हात राहिला.

 कुपीचं लेबल सुनेने स्वतः वाचलं होतं, तरी तिची नजर सासऱ्यांच्या छातीवर खिळलेली. वर, खाली. वर, खाली.

आणि औषध जिने स्वतः मोजून भरलं होतं, ती धाकटीही हात तसाच ठेवून, स्वतःचा श्वास विसरून, त्याच छातीकडे पाहत होती.