एकेक घर चालणारी प्यादी

मित्रांनो, मी भिंतीवर टांगायचा एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. काळाचौकीतल्या एका मंडळाच्या खोलीत माझे वास्तव्य असते. गिरणीतल्या एका सुताराने सागवानी फळीवर माझी घरे रंगवली आणि सोंगट्या अडकवण्यासाठी प्रत्येक घरात खिळा ठोकला. माझ्यावर मांडलेला डाव साऱ्या खोलीला दिसे. पुढे मोबाइल आले आणि माझ्या खिळ्यांवर उत्सवातल्या टोप्या लटकू लागल्या.

त्या टोप्या उतरवल्या मंडळात बुद्धिबळ शिकणाऱ्या अक्षताने. दादरच्या स्पर्धेत, साखळी फेरीत ती हितेंद्रकडून हरली होती आणि रविवारी अंतिम सामन्यात पुन्हा त्याच्याशीच गाठ होती. तिने लिहून आणलेला तो हरलेला डाव तिचे शिक्षक रामदासकाका माझ्यावर मांडू लागले. चौथ्याच खेळीला त्यांनी कपाळाला हात लावला.

"ही आजीची सुरुवात सोड गं! प्यादी काय मुंगीसारखी चालवतेस?"

अक्षता हा खेळ आजीकडून देशी नियमांनी शिकली होती. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते.

"काका, हरले कुठे ते दाखवा. मग बोला."

"इथेच हरलीस."

"मग मोडून दाखवा ना!"

काकांनी उंट धाडले, घोडे धाडले. प्याद्यांची भिंत हलेना. ते हट्टाने पुढच्या खेळ्या मांडत गेले. एकाएकी अक्षता ओरडली, "थांबा! माझा राजा बघा. अजून मधेच उभा!"

देशी खेळात किल्लेकोट, म्हणजे एकाच खेळीत राजाला हत्तीआड नेणे, नसतो. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. त्या उडीच्या सवयीमुळे राजाला हत्तीआड न्यायचे अक्षताच्या ध्यानीच आले नव्हते, आणि हितेंद्रचा हत्ती थेट आत घुसला होता. दोष सुरुवातीचा नव्हताच!

"बरं बाई, खेळ तुझंच," काका पुटपुटले. "पण राजाला आधी आत घाल."

रविवारी संध्याकाळी जिन्यात ढोल वाजला. जिंकलेला डाव काकांनी माझ्यावर मांडला. सुरुवात तीच होती. राजा मात्र वेळेवर किल्ल्यात गेला होता. हितेंद्रचा हल्ला प्याद्यांवर आपटून विखुरला आणि त्यांतलेच एक प्यादे चालत चालत शेवटच्या घरी पोचून वजीर झाले. तो वजीर माझ्या खिळ्यावर चढवण्याचा मान आजीला मिळाला.

"आमचो राजा उडी मारता गो," ती नातीला म्हणाली, "पण हो घरात बसलेलो राजाय वायट नाय!"

खोली हास्याने दणाणली. माझ्या सागवानाला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

मित्रांनो, हरलेला डाव लाजून पुसू नका. तो शेवटपर्यंत मांडा, त्याच्याशी भांडा आणि चूक असेल तिथेच बोट ठेवा. आणि हो, माझ्यासारख्या पटावर धूळ साचू देऊ नका. अजून पुष्कळ डाव मांडायचे आहेत.