आठ बोटांचं होमपेज

चाकणच्या त्या पत्रा ठोकून सुटे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये वर्षालीचं काम म्हणजे टेबलाशी उभं राहून ब्रॅकेट तपासायचे. सरळ तो इकडे, वाकडा तो लाल क्रेटमध्ये. आठ तास. स्टूल नाही, कारण बसलं की माणसाचा डोळा लागतो, असं मालक हिंदुरावांचं संशोधन होतं. रहाटणीला घरी आल्यावर ती मोबाइलवर व्हिडिओ बघून वेबसाइट बनवायला शिकली. कोड शिकली, रंगसंगती शिकली. व्हिडिओतला गुळगुळीत पोरगा रोज सांगायचा, की या कामात कला आणि तंत्र यांचा संगम होतो, माणसाला समाधान मिळतं. समाधानाचं वर्षाली नंतर बघणार होती. आधी तिला खुर्ची पाहिजे होती.

संधी चालून आली. ज्या मोठ्या कंपनीला ब्रॅकेट जायचे, तिनं शॉपचं ऑडिट करायचं ठरवलं. त्यांच्या यादीत एक रकाना होता: पुरवठादाराची वेबसाइट आहे का? हिंदुराव गडबडले. बाहेरच्या माणसाचा दर ऐकून आणखी गडबडले आणि तपासणीच्या टेबलाशी आले.

"तू करती म्हनं असलं काय काय. जमंल का?"

"जमेल, साहेब. पण मग मला ऑफिसात घ्या. वेब डिझायनर म्हणून."

"ऑडिट पास होऊ दे. केबिनच्या बाहेरची चाकाची खुर्ची तुझी."

वर्षालीनं जीव ओतला. पान उघडलं की नुसता सपाट पत्रा दिसायचा. स्क्रीन सरकवत गेलं की तो चार ठोक्यांत वळत वळत ब्रॅकेट व्हायचा. प्रत्येक ठोक्याचा फोटो प्रेसवर जाऊन काढलेला. पत्रा सरकवणारे हात युसुफभाईंचे. बावीस वर्षं वेगवेगळ्या शॉपांत प्रेस चालवलेला माणूस. पत्रा असा अलगद ठेवायचा, की जणू पाहुण्यापुढे बशी ठेवतोय.

हिंदुरावांनी पान खाली-वर केलं. खूश झाले. मग एकदम थांबले.

"ह्याची बोटं मोज."

मोजायची गरज नव्हती. डाव्या हाताची दोन बोटं मागच्या दिवाळीआधी गेली होती. मध्ये हात आला की प्रेस थांबवणारा सेन्सर मशीनला होता. पण त्यानं माल कमी निघतो म्हणून बंद ठेवलेला. झाडूवालीलासुद्धा हे माहीत होतं. रजिस्टरात मात्र लिहिलं होतं: कामगाराचा निष्काळजीपणा.

"दुसऱ्या कुणाचे हात घेऊ?"

"कुनाचे घेती? दुसऱ्या प्रेसवरच्या शेखरला अंगठा न्हाई." हिंदुरावांनी जरा विचार केला. "तुला कॉम्प्युटर येतो ना? मग लाव की दोन बोटं."

वर्षाली खालमानेनं प्रेसपाशी गेली. युसुफभाई ऐकून खो खो हसले.

"लाव, लाव. दवाखान्यात म्हणाले जमणार नाही. तू तर डॉक्टरच्या वर निघालीस. फक्त करंगळी बारीक काढ हां, माझी बारीक होती."

तिनं दोन दिवस घालवले. त्यांच्याच उजव्या हाताची बोटं घेतली, उलटी केली, नखांत ऑइलचा काळा रंग भरला, करंगळी बारीक केली. आणि खोटं कशाला बोलायचं, मजा आली. आयुष्यात इतकं मन लावून तिनं काही केलं नव्हतं. कला, तंत्र, संगम, सगळं झालं. समाधानसुद्धा मिळालं. त्या समाधानाची तिला लाज वाटली, पण ती नंतर.

ऑडिटच्या दिवशी युसुफभाईंना सुट्टी दिली. बिनपगारी. ऑडिटला आलेल्या तेजस्विनी मॅडमनी वेबसाइट उघडली आणि त्या बघतच राहिल्या.

"काय सुंदर केलंय! हात कुणाचे हे?"

"आमच्या जुन्या ऑपरेटरचे," हिंदुराव घाईघाईनं म्हणाले.

वर्षालीला गप्प बसता आलं असतं. खुर्ची चार पावलांवर होती. "आठ बोटं त्यांची आहेत, मॅडम," ती म्हणाली. "दोन मी केलीत. त्यांची प्रेसमध्ये गेली."

हिंदुरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच धरून ठेवला. गेली खुर्ची, वर्षालीनं मनात म्हटलं. मॅडमनी फोटो मोठा केला.

"कुठली दोन गं?"

तिनं दाखवली.

"कळतच नाही!" मॅडमनी वेबसाइटच्या रकान्यात बरोबरची खूण केली. सेन्सरच्या रकान्यात ती आधीच झाली होती. आज सेन्सर चालू होता. जाताना त्यांनी वर्षालीच्या हातात कार्ड ठेवलं. "आमच्याकडे अर्ज कर. आमचं सेफ्टीचं पान नवीन करायचंय. इतका साफ हात असलेलं माणूस मिळत नाही."

पोरगी हातची जाईल या धाकानं हिंदुरावांनी तासाभरात खुर्ची दिली.

"साहेब, मी मूळ फोटो परत लावते," वर्षाली म्हणाली.

"लाव की. ऑडिट झालं. आता बघतंय कोन?"

ते तिला शिवीपेक्षा लागलं. खोटं चाललं, खरंही चाललं. रकाना भरला, की कुणाचं काही अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेन्सर पुन्हा बंद. ती प्रेसपाशी गेली.

"युसुफभाई, फोटोखाली तुमचं नाव टाकू का? बोटं कशी गेली ते?"

युसुफभाईंनी प्रेस थांबवला. "सेन्सरचं पण?"

"सेन्सरचं पण."

"तुझी खुर्ची जाईल, पोरी."

"तुमचं काम पण जाईल."

"माझं काय! ठेकेदार दर सात महिन्यांनी काढतोच, परत घेतोच." त्यांनी घाम पुसला. "टाक. पूर्ण नाव टाक, बापाचं पण."

ती खुर्चीत येऊन बसली. आठ बोटांचा फोटो लावला. खाली पूर्ण नाव, मशीनचा नंबर, तारीख आणि एक ओळ: सेन्सर बंद ठेवला होता. पान चढवलं, आणि कार्डावरच्या नंबरला लिंक पाठवली: "मॅडम, अर्जासोबत कामाचा नमुना जोडला आहे."

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. पाच मिनिटांनी केबिनमध्ये हिंदुरावांचा फोन वाजला. वर्षालीनं पर्स मांडीवर घेतली, खुर्ची एकदा गरकन फिरवून पाहिली, आणि हाक यायची वाट बघत बसली.