बिनकल्हईचं सरबत

मार्कंड्याच्या जत्रेला पायी जाणारी माणसं मुखरूभाऊंच्या दारात थांबतात आणि अंबाडीचं सरबत पिऊन पुढे जातात. अकरा वर्षं हे चाललं आहे, म्हणजे थोरली सून रंजीता या घरात आली तेव्हापासून. हिवाळ्यात अंबाडीची लाल फुलं तोडायची, आतलं बोंड काढून पाकळ्या सुपात वाळवायच्या आणि जत्रेला त्या उकळून, गूळ घालून, सरबत माठात गार करायचं. पेला रिकामा करताना बाया विचारायच्या, "कोणाच्या हातचं आहे हो?" सासूबाई, सुगंधाबाई, म्हणायच्या, "आमच्या मोठीच्या." परक्या माणसांसमोर रंजीताचं नाव निघायचं ते वर्षातून एवढंच.

यंदा घरात धाकटी आली होती. दिव्यानी, राजुऱ्याची, लग्नाला चार महिने झालेली. जत्रेच्या आदल्या रविवारी तिने तांब्याभर सरबत करून सगळ्यांना पाजलं. दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, ठेचलेलं आलं, साखर, वरून लिंबू आणि काचेच्या पेल्यात खडखडणारा बर्फ. तिच्या नवऱ्याने, आदेशने, दोन पेले प्यायले, त्याचं काही नाही. पण सासऱ्यांनी, मुखरूभाऊंनी, मिशा पुसून तिसरा मागितला.

"याले म्हणते सरबत! यंदा जत्रेले छोटीचंच ठेवजा."

"बर्फ टाकला तर डबक्याचं पाणीबी गोड लागते," रंजीता भांडी घासता घासता पुटपुटली. नळ चालू होता, कोणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना तिने चोरून दालचिनी घालून सरबत करून पाहिलं. दालचिनी जास्त पडली, औषधाच्या काढ्यासारखं झालं. तिने ते परसात ओतलं आणि वरून माती ओढली.

जत्रेच्या दिवशी सकाळी स्टीलची पातेली लहान पडतील म्हणून दिव्यानीने माळ्यावरचा पितळेचा गंज, ते जुनं मोठं पातेलं, काढला. चांगला दोन घागरी पाणी मावेल एवढा. चिंच आणि राख लावून तिने तो तासभर घासला आणि उन्हात तिरपा करून धरला.

"बाई, पाहा ना, आतूनबी सोन्यासारखा चमकून राह्यला."

रंजीताने पाहिलं. पितळेचा गंज आतून सोन्यासारखा नसावा, चांदीसारखा असावा. तो पांढरेपणा कल्हईचा, कथलाच्या थराचा. ती उडाली की त्यात आंबट घालायचं नाही. आंबट कळकतं आणि पोटात गेलं की माणूस ओकून बेजार होतो. गेल्या साली तिनेच तो गंज माळ्यावर टाकला होता, कल्हईवाला येईल तेव्हा बघू म्हणून. दिव्यानीच्या माहेरी सगळी भांडी स्टीलची. कल्हई तिला कोण सांगणार?

"मस्त दिसते," रंजीता म्हणाली आणि शेण काढायला गोठ्यात गेली.

गोठ्यात उकळत्या अंबाडीचा आणि लवंगांचा वास येत होता. वास चांगला होता, त्याचाच तिला राग आला. लोक पहिला घोट घेतील, तोंड वाकडं करतील, आणि सासूबाई म्हणतील, मोठीचंच बरं होतं. तिच्या मनातलं चित्र वाकड्या तोंडापर्यंतच जायचं. पुढचं ती येऊ देत नव्हती.

दुपारी आदेशने चामोर्शीहून बर्फाची लादी आणली. सरबत गंजातच निवत ठेवलं होतं. एरवी ते माणकासारखं लाल दिसायचं; आज त्यावर जांभळट काळी झाक होती.

"जास्त उकळलं वाटते," दिव्यानी म्हणाली आणि बर्फ फोडू लागली.

पहिली आली ती नदीपलीकडची म्हातारी सुकरी. दरसाल येणारी. ती दारातल्या बाजेवर टेकली, पदराने तोंड पुसलं. दिव्यानीने पेला पुढे केला.

"तू कोण वं? नवी दिसतेस. सरबत मोठीचंच आहे ना?"

"घरचंच आहे, आजी. त्यायच्याच फुलायचं," दिव्यानी हसून म्हणाली.

"मंग दे. तिच्या हातचं डोळे मिटून पेवावं."

रंजीता उंबऱ्यात उभी होती. म्हातारीने खरंच डोळे मिटले, पेला ओठांकडे नेला. रंजीताने दोन ढांगांत अंगण ओलांडून तो हाताने उडवला. काच फुटली. सुकरीच्या लुगड्यावर लाल डाग पसरला.

"काऊन वं?" मुखरूभाऊ ओरडले. "एवढी जळून राह्यली का तू?"

"पेऊ नका कोणी. गंजाले कल्हई नाई. कळकलं आहे ते."

सुगंधाबाई उठल्या. त्यांनी गंज कलता करून आतला पिवळा काठ पाहिला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या. मग थोरल्या सुनेकडे वळल्या.

"तुले कधी दिसलं?"

आत्ताच दिसलं, असं म्हणता आलं असतं. दिव्यानी बर्फाचा तुकडा हातात धरून उभी होती, बोटांतून पाणी गळत होतं. सकाळी तिने गंज दाखवला होता, हे तिलाही आठवत होतं.

"सकाळी," रंजीता म्हणाली.

सुकरी लुगडं झटकत म्हणाली, "अवं, मले पाणी तर देसान का नाई?"

रंजीताने पाणी दिलं. मग गंज फरफटत नेऊन उकिरड्यावर पालथा केला, स्टीलची दोन पातेली चुलीवर चढवली आणि आपल्या डब्यातल्या वाळल्या पाकळ्या काढल्या.

"तुझी दालचिनी आण," ती न बघता म्हणाली. "किती टाकाची ते तूच टाक."

दिव्यानीने आणली, मोजून टाकली. "बाई, सकाळीच सांगतलं असतं तर?" तिने विचारलं. रंजीताने जाळ सारला.

उन्हं कलेपर्यंत दार माणसांनी भरलं. सरबत चांगलं झालं होतं, एकट्या गुळाच्या सरबतापेक्षा चांगलं. रंजीताने एक घोट घेतला आणि तो तिला गोड लागला नाही. बर्फ संपत आला तेव्हा एका बाईने पेला परत देत विचारलं, "कोणाच्या हातचं आहे हो?"

रंजीताचा हात माठावर थांबला.

"घरचं आहे," सुगंधाबाई म्हणाल्या. "प्या."